सॉफ्टवेअर कसलं विचारता?

बसा. खुर्च्या ओढू नका, उचलून ठेवा. पन्नाशी गाठलीत तरी ही सवय गेली नाही.

शताब्दी समितीचा ठराव मिळाला मला. शाळेच्या छायाचित्रसंग्रहासाठी सर्वोत्तम सॉफ्टवेअर कोणते, याबाबत बाईंचे मार्गदर्शन घ्यावे. मार्गदर्शन! ग्रुपवर तुमचं काय चाललंय तेही वाचलं. एकाला लाइटरूम हवं, कारण त्याचा मेहुणा लग्नाचे फोटो काढतो आणि तो तेच वापरतो. दुसरा म्हणतो, गूगल फोटोज फुकटात मिळतंय तर खर्च कशाला. तिसऱ्याने कुठून तरी दहा सॉफ्टवेअरांची यादी उचलून चिकटवली आणि तिच्याखाली वीस जणांनी अंगठे टाकले. त्या विसांतल्या एकाने तरी ती यादी शेवटपर्यंत वाचली का? हात वर करा. नाही ना? मग मी तुम्हाला अंगठेबहाद्दर म्हटलं तर राग मानायचा नाही.

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी तुम्ही माझ्याकडे पाठवलेल्या हार्ड डिस्कबद्दल बोलू.

मुख्य फोल्डरचं नाव काय, तर 'न्यू फोल्डर'. त्याच्या पोटात 'न्यू फोल्डर दोन'. शेजारी 'शाळा फायनल', 'शाळा फायनल खरं' आणि 'बाईंना दाखवायचे'. म्हणजे न दाखवायचेही कुठे तरी असणार. एकाच स्नेहसंमेलनाचा एकच फोटो पाच ठिकाणी, पाच आकारांत. एक मूळ, दोन व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले, एक फेसबुकवरून उतरवलेला आणि एकाला कोणी तरी गुलाबाच्या फुलांची चौकट लावलेली. गुलाबाची चौकट कोणी लावली ते मी विचारत नाही. त्याने मनात समजून घ्यावं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की तो आकसतो आणि कॅमेऱ्याने त्यात लिहून ठेवलेली माहिती धुऊन जाते. फायलीच्या नावात जी तारीख उरते ती फोटोची नव्हे, निरोपाची. १९८४ च्या सहलीचा फोटो कोणी २०१९ साली ग्रुपवर टाकला की फायलीच्या नावात २०१९ च येणार, आणि तुमच्यातला हुशार त्याला २०१९ च्या फोल्डरात ढकलणार. ढकललाच आहे. आपल्या जुन्या मुख्याध्यापकांना जाऊन किती वर्षं झाली ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी ते २०१९ साली एसटीजवळ उभे. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला असता तर मूळ फाईल जशीच्या तशी आली असती. हे मी मागच्या बैठकीत सांगितलं होतं. कोणी लिहून घेतलं?

आता तो १९६८ च्या अकरावीच्या तुकडीचा फोटो. मूळ फ्रेम मुख्याध्यापकांच्या खोलीत अजून भिंतीवर आहे, म्हणून वाचलात. त्या काळी स्टुडिओवाला जाड पुठ्ठ्यावर फोटो चिकटवून द्यायचा आणि खाली बारीक अक्षरांत छापायचा : खुर्चीवर, डावीकडून, उभे, पहिली रांग, उभे, दुसरी रांग, जमिनीवर बसलेले. शेवटी शिपायांचीही नावं असायची. तुम्ही तो फोटो स्कॅन केलात, चांगला ६०० डीपीआयवर केलात, शाबास. आणि मग पुठ्ठ्याचा भाग कातरून टाकलात! का? तर म्हणे कडा पिवळी पडली होती, बरी दिसत नव्हती. अरे, चाळीस माणसांची नावं त्या पिवळ्या कडेवर होती! चित्र ठेवलंत आणि माणसं कापलीत. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का आणि शाईने लिहिलेली तारीख होती. पाठ कोणी स्कॅन केली? कोणीच नाही. जुन्या फोटोला दोन बाजू असतात, आणि दुसरी बाजू बहुतेक वेळा जास्त बोलते. उद्यापासून प्रत्येक फोटोची पाठही घ्यायची, कोरी दिसली तरी घ्यायची. पुठ्ठ्यासकट घ्यायचा, कडेसकट घ्यायचा. स्मरणिकेत छापताना काय कातरायचं ते प्रतीवर कातरा, मूळ स्कॅनला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे.

आणि त्याच फोटोची तारीख तुमचा संगणक काय दाखवतो? गेल्या मे महिन्यातली. स्कॅनरने स्कॅनची तारीख लिहिली, तुम्ही ती तशीच ठेवली. म्हणजे १९६८ सालची ती पोरं गेल्या उन्हाळ्यात अकरावीत होती. फोटो काढल्याची तारीख आणि त्याचं डिजिटल रूप केल्याची तारीख यांच्यासाठी फायलीत दोन वेगळ्या जागा दिलेल्या आहेत. ज्यांनी त्या दिल्या त्यांना हा प्रश्न पडला होता. तुम्हाला पडला नाही. नेमका दिवस माहीत नसेल तर १ जानेवारी घाला आणि खाली ओळीत स्पष्ट लिहा, 'साल नक्की, दिवस अंदाजे'. अंदाज आहे हे लिहिलं नाही तर पुढचा माणूस त्या १ जानेवारीला वर्धापनदिन समजून हार घालेल.

आणि ज्यांच्याखाली नावं छापलेलीच नाहीत, त्यांपैकी एखाद्या फोटोतल्या तिसऱ्या रांगेतल्या, कानावर हात ठेवलेल्या मुलाचं नाव तुमचं कोणतं सॉफ्टवेअर सांगणार आहे? चेहरे ओळखतं म्हणता ना? ते एवढंच करतं की, तुम्ही एकदा नाव दिलेला चेहरा दुसऱ्या फोटोत दिसला तर हा तोच असावा असं सुचवतं. आधी कोणी तरी नाव द्यावं लागतं. ते नाव ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत आणि तुम्ही गेले सहा महिने सॉफ्टवेअरांच्या याद्या एकमेकांना पाठवताय.

बरं. आता सॉफ्टवेअर.

शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे होतं तेव्हा नवं पुस्तक आलं की दोन गोष्टी व्हायच्या. दाखल नोंदवहीत नोंद, आणि पुस्तकाच्या आत शिक्का व दाखल क्रमांक. तुमच्यातल्या काहींनी ते शिक्के मारलेत, आठवत असेल. नोंदवही कशासाठी? पटकन शोधायला. शिक्का कशासाठी? नोंदवही वाळवीने खाल्ली तरी पुस्तकाने आपली ओळख स्वतः सांगावी म्हणून. फोटोंचंही असंच आहे. सॉफ्टवेअरचा डेटाबेस ही नोंदवही, आणि फोटोच्या फायलीत लिहिलेली माहिती हा शिक्का. कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, पहिला प्रश्न एकच : मी लिहिलेलं हे कुठे ठेवणार? तुमच्या दहा सॉफ्टवेअरांच्या यादीत हा रकाना होता का? किंमत होती, तारे होते, दिसायला कसं आहे ते होतं. हे नव्हतं.

फायलीत लिहायला जागा असते, आणि ती काल-परवाची नाही. कॅमेऱ्याने लिहायची जागा म्हणजे एक्झिफ, ती जपानमध्ये १९९५ साली ठरली. वर्तमानपत्रांना आणि वृत्तसंस्थांना फोटोबरोबर ओळ, ठिकाण, छायाचित्रकाराचं नाव पाठवायची गरज होती, त्यातून आयपीटीसीचे रकाने आले. पुढे अ‍ॅडोबीने २००१ मध्ये ही सगळी माहिती एकाच पद्धतीने लिहायला एक्सएमपी आणलं, आणि २०१२ पासून ते आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणजे एका कंपनीचं खाजगी राहिलेलं नाही. तुम्ही लिहिलेली ओळ या रकान्यांत गेली तर आज ज्या सॉफ्टवेअरने लिहिली त्याच्या नंतरचंही ती वाचू शकेल. डेटाबेसात अडकली तर त्या सॉफ्टवेअरचं आयुष्य तेच तिचं आयुष्य.

हे मी हवेत बोलत नाही. या शाळेत हे होऊन गेलंय.

२०१२ च्या मेळाव्यानंतर याच समितीतल्या एका मुलीने पिकासात बसून शेकडो चेहऱ्यांना नावं दिली. ती इथेच बसली आहे. मान खाली घालू नकोस गं, काम तू केलंस, बाकीच्यांनी नुसते पेढे खाल्ले. पिकासा गूगलने २००४ मध्ये घेतलं, फुकट वाटलं आणि २०१६ मध्ये बंद केलं. पण नावं गेली ती पिकासा बंद झालं म्हणून नव्हे. ज्यांच्या संगणकावर ते होतं त्यांच्याकडे नंतरही चालत राहिलं. पिकासा चेहऱ्यांच्या चौकटींची नोंद त्या त्या फोल्डरातल्या एका लपवलेल्या छोट्या फायलीत करायचं. नावं थेट फोटोत लिहायची सोयही पुढे आली होती, पण ती आपण होऊन चालू करावी लागायची. ती कोणी केली नाही. मग नवी डिस्क आली, कोणी तरी फक्त फोटो निवडले, उचलले आणि तिकडे टाकले. लपवलेली फाईल राहिली मागे. आणि जुना संगणक? तो भंगारात दिला. कोणी दिला? राहू दे, नाव मला ठाऊक आहे. हिची दोन महिन्यांची मेहनत भंगारवाल्याने किलोच्या भावात नेली आणि तुम्ही वर त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस केलीत.

आणि तू, अमेरिकेतून त्या पडद्यावर दिसतोयस ना, हसू नकोस. तुझ्या तुकडीचे सगळे फोटो तू अ‍ॅपर्चरमध्ये लावलेस. अ‍ॅपलने ते २००५ मध्ये काढलं. २०१४ मध्ये स्वच्छ सांगितलं की, यापुढे त्यावर काम करणार नाही. २०१९ मध्ये मॅकची कॅटालिना आवृत्ती आली आणि तिच्यावर ते चालेनासं झालं. मधली पाच वर्षं हातात होती. कंपनीने लपवाछपवी केली नाही, रात्रीतून दुकानही बंद केलं नाही. पाच वर्षांत तुझ्याच्याने नावं-ओळींसकट फोटो बाहेर काढणं झालं नाही, आणि आज ग्रुपवर सगळ्यांना सल्ला देतोस की क्लाउडच सगळ्यात सुरक्षित.

आता लाइटरूमवाले. सॉफ्टवेअर उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. व्यवसाय करणाऱ्या माणसाने, रोज हजार फोटो सुधारणाऱ्याने ते घ्यावं. पण तुम्हाला फोटो सुधारायचे नाहीत, नोंदवायचे आहेत. शिवाय ते, म्हणजे लाइटरूम क्लासिक, आपली सगळी नोंद एका कॅटलॉग फायलीत ठेवतं. फोटोंत आपोआप लिहायची सोय आहे, पण ती मुळात बंद असते, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. मेहुण्याने केली आहे का, विचारून ये. आणि चालू केली तरी तुम्ही बांधलेले संच, ज्याला ते कलेक्शन म्हणतात, ते फोटोत जात नाहीत, कॅटलॉगमध्येच राहतात. 'शताब्दी स्मरणिका, पान ४०' असा संच हौसेने कराल आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरात शोधत बसाल. शिवाय वर्गणीचं काय? वर्गणी थांबली तरी लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो बघता येतात, एवढी माणुसकी त्यांनी ठेवली आहे. तरी खजिनदारांना विचारते, शताब्दी संपली, समिती विसर्जित झाली, की पुढच्या वर्षीची वर्गणी कोण भरणार? शाळेचा कारकून?

गूगल फोटोज. शोधतं छान, कबूल. 'समुद्र' टाकलं की समुद्राचे फोटो येतात. पण 'फुकट' हा शब्द जपून वापरा. अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली, त्यानंतर पंधरा जीबीत मेल, फोटो, सगळं बसवायचं. तिथे लिहिलेल्या ओळी त्यांच्याकडे राहतात. सगळं परत मागितलं की फोटो एकीकडे आणि त्यांची माहिती शेजारी निराळ्या बारक्या फायलींत मिळते. ती पुन्हा जुळवायला कोण बसणार? आणि मुख्य म्हणजे, हे खातं कोणाच्या नावावर आहे? शाळेच्या? नाही, सचिवांच्या खाजगी खात्यावर. सचिव उद्या पासवर्ड विसरले तर शंभर वर्षांची शाळा त्यांच्या स्मरणशक्तीवर उभी. दाखवायला ठेवा निवडक फोटो तिथे, माझी ना नाही. साठवायला नको. आणि दाखवतानाही, १९८७ च्या मुलींच्या स्पर्धांचे फोटो तुम्ही ज्या मोकळ्या अल्बममध्ये टाकलेत ते आज रात्री काढा. त्या मुली आता आज्या झाल्या आहेत. त्यांना विचारल्याशिवाय त्यांचे खेळाच्या पोशाखातले फोटो जगापुढे मांडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आणखी एक घोळ. फोटो पाहायचं सॉफ्टवेअर आणि नोंदवायचं सॉफ्टवेअर यांत तुम्ही गल्लत करताय. इरफानव्ह्यू, फास्टस्टोन ही झटपट पाहायची. फोल्डर उघडा, बाण दाबा, फोटो पुढे सरकतो. जुन्या संगणकावरही पळतात, छाननीला उत्तम. दुबार फोटो काढून टाकायला, वाकडे सरळ करायला तीच घ्या. अ‍ॅडोबी ब्रिज थोडं पुढचं. ते स्वतःचा कॅटलॉग बांधत नाही, फोल्डर जसा आहे तसा दाखवतं आणि तुमचे शब्द फायलीतच लिहितं, आणि वापरायला पैसे पडत नाहीत. वर्तमानपत्रांतले छायाचित्रकार फोटो मेकॅनिक वापरतात, सामना संपायच्या आत शेकडो फोटोंना ओळी लावतात. तुमचा सामना शंभर वर्षं चालू आहे, तुम्हाला ती घाई नाही. शाळेची जुनी इतिवृत्तं आणि हजेरीपटांचे फोटो लावायचे असतील तर इतिहास संशोधकांसाठी केलेलं ट्रॉपी बघा, बऱ्याच पानांची एक नोंद बांधता येते. मात्र तेही आपलं लिखाण स्वतःच्या प्रकल्पफायलीत ठेवतं, हे विसरू नका.

माझं म्हणाल तर डिजिकॅम. फुकट आहे, मुक्त आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, २००१ पासून त्यावर काम चालू आहे. चेहरे ओळखतं तेही आपल्याच संगणकावर, फोटो बाहेर कुठे जात नाहीत. सारखे दिसणारे फोटो शोधून देतं, म्हणजे तुमची गुलाबाची चौकटही पकडेल. दिसायला रुक्ष आहे, पहिल्या दिवशी डोकं दुखेल, बटणं जास्त. दुखू दे. पहिल्यांदा सुरू करताना ते विचारतं की माहिती फायलींत लिहू की नको. तिथे डोळे मिटून 'पुढे' दाबणारे तुम्ही, म्हणून आधीच सांगते, लिहायला सांगा. आणि त्याचा डेटाबेस एकाच संगणकाच्या आतल्या डिस्कवर ठेवा, पेन ड्राइव्हवर घेऊन घरोघरी फिरवू नका.

पण मी सांगते म्हणूनही घेऊ नका. परीक्षा घ्या. पन्नास फोटो निवडा, मूळ नव्हे, प्रती. त्यांना टॅग लावा, मराठीत ओळी लिहा, चार चेहऱ्यांना नावं द्या, तारखा दुरुस्त करा. मग तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरात उघडा. काय उरलं, काय गळलं, ते कागदावर लिहा. खात्री करायला एक्झिफटूल आहे, फिल हार्वे नावाच्या गृहस्थाने लिहिलेलं, फुकट मिळतं, फायलीच्या पोटात काय आहे ते अक्षर न् अक्षर दाखवतं. आपल्यात सात संगणक अभियंते आहेत. सातांतून एकाला एवढं जमू नये?

मराठीत ओळी म्हटल्यावर दोघांनी तोंडं वाकडी केली, बघितलं मी. इंग्रजीत लिहिलं की सोपं, हेच ना? मग 'गॅदरिंग' एकाने दोन टींनी लिहिलंय, एकाने आरच गाळलाय. मराठीतही काही वेगळं नाही म्हणा. स्नेहसंमेलन, वार्षिक संमेलन, गॅदरिंग, संमेलन असे चार टॅग एकाच कार्यक्रमाला आहेत. १५ ऑगस्टला कोणी 'झेंडावंदन' लिहिलं, कोणी 'ध्वजारोहण', कोणी 'स्वातंत्र्यदिन'. शोधणारा एकच शब्द टाकणार आणि त्याला पाव भाग फोटो मिळणार. शब्दांची यादी आधी ठरवा, एका वहीत लिहा, आणि यादीबाहेरचा शब्द वापरायचा असेल तर आधी मला विचारा.

आणि नुसतं शुद्ध लिहून भागत नाही. कऱ्हाडच्या सहलीचे फोटो मी शोधले तर निम्मेच आले. दोन्हीकडे डोळ्यांना अक्षर तेच, कऱ्हाड. पण एकाने कळफलकावर ऱ हे स्वतंत्र अक्षर घेतलंय, दुसऱ्याने साधा र घेऊन पाय मोडून न दिसणारा जोडक टाकलाय. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. म्हणून सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, किंवा ओळी एकाच माणसाने टंकायच्या. २००० सालच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेतल्या ओळी तर तुम्ही तशाच उचलून चिकटवल्यात. त्या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधल्या होत्या. फॉन्ट काढला की खाली नुसता कचरा. आधी रूपांतर करा, मग मुद्रितशोधन, मग चिकटवा.

अजून बारीक बघायचंय? आयपीटीसीच्या जुन्या पद्धतीत एका टॅगला ६४ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला, काना-मात्रा-पायमोड्यासकट, युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत तीन. 'महाराष्ट्र साहित्य परिषद' मोजा. मोजलं मी : अडुसष्ट. मर्यादा काटेकोर पाळणारं सॉफ्टवेअर शेवट कापतं आणि आपल्या निबंधस्पर्धेच्या फोटोखाली परिषदेची 'परि' उरते. एक्सएमपीत ही अडचण नाही. म्हणून एक्सएमपीत लिहिणारं, एक्सएमपी आधी वाचणारं सॉफ्टवेअर हवं. तुमच्या त्या यादीतल्या परीक्षकांना हे कळायचं कारण नाही, त्यांना परिषदेचं नाव लिहायचं नव्हतं. तुम्हाला आहे.

फायलींची नावं साधी ठेवा. नुसता दाखल क्रमांक, पाच आकडी, पुढे शून्यं लावून. नावात गोष्ट सांगू नका, गोष्ट ओळीत लिहा. फोल्डरला साल आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिलात की १ ऑगस्ट आणि १ जानेवारी गळ्यात गळा घालून बसतात.

प्रती तीन, दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक गावाबाहेर. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने हा नियम रूढ केला. तुमच्याकडे आज किती प्रती आहेत? ही एक डिस्क. ती कुरिअरने पाठवलीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. दुसरी प्रत केल्याशिवाय! पावसाळ्यात! यावर मी काही बोलत नाही, कारण बोलले तर रक्तदाब वाढतो आणि डॉक्टर आपल्याच शाळेचा विद्यार्थी आहे, तोही समितीत आहे, तोही अंगठा टाकणाऱ्यांत होता.

तर आता कामं. रविवारपर्यंत मघाची पन्नास फोटोंची परीक्षा. ती झाल्याशिवाय खजिनदारांनी कोणत्याही सॉफ्टवेअरसाठी एक पैसा सोडायचा नाही. दुबार फोटो बाजूला काढायचं काम मागच्या बाकावरच्या तिघांकडे, जे आत्ताही मोबाईल बघताहेत. डिस्कच्या दोन प्रती उद्याच. पिकासात नावं दिलेली ती मुलगी नोंदवही सांभाळेल, आणि तिच्या कामात कोणी नाक खुपसायचं नाही.

बाकीच्यांनी प्रिंट काढायच्या. ए-४ कागदावर सहा-सहा फोटो, प्रत्येकाखाली दाखल क्रमांक आणि दोन बोटं मोकळी जागा. जुने शिक्षक, निवृत्त शिपाई, पहिल्या तुकड्यांतले जे कोणी आहेत त्यांच्या घरी जायचं, शिसपेन्सिल घेऊन. लिंक पाठवायची नाही, त्यांना लिंक उघडता येत नाही आणि यायची गरजही नाही. समोर बसायचं, ते सांगतील ते नाव त्यांच्यादेखत लिहायचं, कोणी सांगितलं तेही लिहायचं. दोघांनी वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहायची, खोडायचं काही नाही. आपले जुने हस्तकलेचे सर सांगलीला लेकीकडे असतात, त्यांच्याकडे आधी. त्यांना सकाळी नीट दिसतं, दुपारी नाही, तेव्हा पहाटेच्या गाडीने निघा. आणि प्रिंट काळ्या-पांढऱ्या चालतील, रंगीत काढून देणगीदारांच्या पैशांचा चुराडा करू नका.